क्रूझवरून हिमनदी बघायची आहे? आधी हिमनदी ठरवा, मग जहाज

अलास्काची क्रूझ साधारण सात रात्रींची असते. त्यात जहाज हिमनदीच्या कड्यासमोर उभं राहतं ते तासभर, फार तर दोन तास. एवढी एक गोष्ट मला जाण्याआधी कुणी सांगितली असती, तर आमची निम्मी धावपळ वाचली असती. मुलुंडहून आम्ही चौघं गेलो होतो: मी, नवरा, बारा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. तयारी वर्षभर चालली होती. तरीही व्हिसाचा मोठा घोळ झाला, कपड्यांवर पैसे वाया गेले आणि पहिला कडा कोसळला तेव्हा आम्ही चौघंही भलतीकडेच बघत होतो. म्हणून हा लेख मी त्या एका तासाला धरून लिहिते आहे. तो तास तुम्हाला पुरेपूर मिळावा, यासाठी आधी काय काय जुळवायचं ते सगळं खाली आहे.

सुरुवातीला एक खुलासा. रोहतांगला आपण बघतो तो नुसता पडलेला बर्फ. हिमनदीत वर्षानुवर्षं पडलेलं हिम आपल्याच भाराने दबून घट्ट होतं आणि तो सगळा बर्फ डोंगरावरून अगदी हळूहळू खाली सरकत राहतो. अलास्कातल्या काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. तिथे कड्याचा पुढचा भाग तुटून पाण्यात पडतो, त्याला काव्हिंग म्हणतात. गाय विते त्यासाठीचाच हा इंग्रजी शब्द. जहाजावर तो दिवसभर कानावर पडेल, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

१. आधी कोणती हिमनदी बघायची ते ठरवा

बहुतेक लोक आधी जहाज बघतात: किती मजली आहे, पोहण्याचे तलाव किती, जेवण कसं. मग हिमनदी पदरात पडेल ती. हे उलटं करा. मोठी जहाजं प्रामुख्याने या ठिकाणी जातात:

*ग्लेशियर बे.* हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि युनेस्कोच्या जागतिक वारशाचा भाग आहे. इथे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे गर्दी नसते. परवाने मोजक्याच कंपन्यांकडे आहेत; प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन यांच्या फेऱ्या इथे मुख्यत्वे दिसतील. उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन दिवसभर माहिती सांगतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सुचवेन.

*हबर्ड.* ही १२२ किलोमीटर लांबीची हिमनदी आहे आणि समुद्रात उतरणारा तिचा कडा जवळजवळ १० किलोमीटर रुंद आहे. अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फियॉर्ड या खाडीचं तोंडच काही काळ बंद केलं होतं. मात्र समोरच्या पाण्यात तरंगणारा बर्फ फार असेल, तर जहाज बरंच अलीकडे थांबतं.

*ट्रेसी आर्म आणि एंडिकॉट आर्म.* दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि मधून अरुंद खाडी. ताम्हिणीच्या घाटात पाणी भरलं तर कसं दिसेल, तसं काहीसं. ट्रेसी आर्ममध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये हिमनदीजवळ मोठी दरड कोसळली आणि तिने प्रचंड लाट उठवली. त्यानंतर अनेक जहाजांनी एंडिकॉटचा मार्ग धरला. तेव्हा जुने प्रवासलेख वाचून बुकिंग करू नका, चालू वर्षाचा मार्ग तपासा.

सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'जुनो – मेंडेनहॉल ग्लेशियर' एवढंच लिहिलं असेल, तर ती हिमनदी जहाजावरून दिसणार नाही. जुनो बंदरात उतरून बसने तिच्याकडे जावं लागतं आणि तिचे पैसे वेगळे. मेंडेनहॉल सुंदर आहे, पण ती समुद्राला मिळत नाही. तुम्हाला जहाजावरून हिमनदी हवी असेल, तर कार्यक्रमात बंदर नसलेला एक दिवस शोधा आणि त्यापुढे वरच्यापैकी एक नाव लिहिलंय ना, ते बघा.

२. महिना निवडा

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मुंबईकरांसाठी गणित असं:

मे महिन्यात शाळांना सुट्टी, भाडं उन्हाळ्याच्या ऐन भरापेक्षा कमी, पाऊस तुलनेने कमी आणि डोंगरांवर भरपूर हिम. आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. रात्री साडेनऊनंतरही उजेड असायचा. तोटा एकच: खाड्यांमध्ये तरंगता बर्फ जास्त असू शकतो.

जून-जुलैत हवा सगळ्यांत उबदार, दिवस सगळ्यांत मोठे आणि भाडंही सगळ्यांत चढं. मुंबईतल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, हेही ध्यानात घ्या.

सप्टेंबरमध्ये भाडं पुन्हा उतरतं, पण पाऊस वाढतो आणि गणपती असतात. घरी गणपती बसत असेल, तर क्रूझच्या तारखा बघण्याआधी त्या वर्षीची चतुर्थी बघा. ती ऑगस्टच्या शेवटी येते की सप्टेंबरच्या मध्यावर, यावर सगळं ठरतं. सप्टेंबरचा एक फायदा मात्र मोठा आहे. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स खाडी १ मे ते ३१ ऑगस्ट मोठ्या जहाजांना बंद असते, कारण तिथे बर्फाच्या तुकड्यांवर सीलच्या माद्या पिल्लं वाढवतात. सप्टेंबरमध्ये ती उघडते.

३. व्हिसा: दोन लागतात, एक नाही

आमचा घोळ इथे झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमची क्रूझ सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी होती. सिएटल अमेरिकेत, अलास्का अमेरिकेत, आणि आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता. बुकिंग करणाऱ्या एजंटने सांगितलं, 'बाकी काही लागत नाही.' आम्हीही सुटकेचा श्वास सोडला. पूर्ण भाडं भरायच्या आठवडाभर आधी मी रात्री बसून कार्यक्रम ओळीने वाचला, तेव्हा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरिया हे नाव दिसलं. व्हिक्टोरिया कॅनडात आहे.

हे अपघाताने होत नाही. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यानुसार परदेशी ध्वजाचं जहाज अमेरिकेतल्याच एका बंदरातून प्रवासी घेऊन, अमेरिकेतलीच बंदरं फिरून, परत तिथेच आणून सोडू शकत नाही. मध्ये एका परदेशी बंदराला लागावंच लागतं. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी ध्वजाची असतात, म्हणून सिएटलच्या फेऱ्यांमध्ये कॅनडाचं बंदर येतंच. तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर सिएटललाच जहाजावर चढू देत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. आम्ही धावतपळत अर्ज केला. पासपोर्ट हातात परत आले तेव्हा विमानाला अकरा दिवस उरले होते. ते अडीच महिने घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं.

तर, मार्ग तीन आणि तिन्हींना दोन्ही व्हिसा:

- सिएटल ते सिएटल: अमेरिका आणि कॅनडा.
- व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर: कॅनडा आणि अमेरिका. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी व्हँकुव्हरच्या धक्क्यावर, जहाजावर चढण्याआधीच होते.
- व्हँकुव्हर ते अलास्कातलं सूअर्ड किंवा व्हिटियर, म्हणजे एकेरी: दोन्ही. परतीचं विमान अँकरेजहून.

अमेरिकेचा व्हिसा नसेल तर सुरुवात तिथून करा, कारण सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागतो. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज भरायचा, शुल्क भरून तारखा घ्यायच्या, एका दिवशी केंद्रावर बोटांचे ठसे व फोटो, आणि दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही. बरोबर आलेल्या माणसाकडे द्या किंवा घरीच ठेवा. मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने लागू शकतात, म्हणून जहाजाचं बुकिंग करण्याआधी उपलब्ध तारखा बघा. लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक यांना मुलाखतीतून मिळणाऱ्या सवलती अलीकडे बदलल्या आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या अनुभवावर न जाता वकिलातीच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचा. कॅनडाचा अर्जही ऑनलाइनच. त्यांनी घेतलेले ठसे दहा वर्षं चालतात.

विमान कुठल्या देशातून बदलणार त्यावरही लक्ष ठेवा. काही विमानतळांवर भारतीयांना नुसतं विमान बदलायलाही परवाना लागतो.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट: प्रवास संपल्यावर पुढे निदान सहा महिने वैध
- दोन्ही व्हिसा. जुन्या पासपोर्टवर असतील तर तो पासपोर्टसुद्धा
- क्रूझचा बोर्डिंग पास, ऑनलाइन चेक-इन करून छापलेला
- बॅगांना लावायच्या पट्ट्या, त्याही छापलेल्या
- येण्याजाण्याची विमानाची तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग
- प्रवास विमा: त्यात वैद्यकीय कारणासाठी जहाजावरून उचलून नेण्याचा खर्च समाविष्ट आहे का, ते वाचा
- नेहमीच्या औषधांचं इंग्रजीत लिहिलेलं, डॉक्टरांच्या सहीचं प्रिस्क्रिप्शन
- मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र
- चालणारं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड. जहाजावरचा खर्च त्यावरच चढतो

नावाचं एक सांगते, कारण आपल्याकडे हे हमखास होतं. आपण मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं लावतो. पासपोर्टवर ते नाव जसं आहे, तसंच विमानाच्या तिकिटावर आणि क्रूझच्या बुकिंगवर हवं. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, एजंटने क्रूझच्या बुकिंगमध्ये ते गाळलं होतं. दुरुस्त झालं, पण चार ईमेल आणि दोन आठवडे गेले. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर अक्षर न् अक्षर ताडून बघावं.

पैशांबद्दल थोडक्यात: जाहिरातीतल्या भाड्यात बंदरांचे कर, दर माणशी दर दिवशीची टिप, वायफाय आणि बंदरावरच्या सहली बहुधा नसतात. भारतातून बुक केलं तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा केलेला प्राप्तिकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती जपून ठेवा.

५. खोली कोणती घ्यावी

बाल्कनीची खोली घ्या, असा सल्ला सगळे देतात. माझं मत जरा वेगळं आहे. हिमनदी बघायची खरी जागा म्हणजे उघडा डेक. तिथून पुढे, मागे, दोन्हीकडे बघता येतं. बाल्कनीतून एकच बाजू दिसते. ग्लेशियर बेमध्ये कप्तान जहाज जागच्या जागी फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना कडा दिसतो, पण नेमका बर्फ कोसळेल तेव्हा तुमची बाजू समोर असेलच असं नाही. तरुण असाल आणि पैसे वाचवायचे असतील, तर बिनखिडकीची आतली खोली घ्या आणि वाचलेल्या पैशांत छोट्या बोटीची सहल करा.

घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र बाल्कनी हवीच. सासूबाई शाल पांघरून, पाय वर घेऊन, गरम पाण्याचा पेला हातात धरून तासन् तास बसल्या. वारा वाढला की आत, ऊन आलं की बाहेर. बुकिंग करताना नकाशात बघून घ्या, खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असलेल्या खोल्या स्वस्त असतात आणि त्यांतून समोर बोटीचीच पाठ दिसते.

६. कपडे

मुंबईत थंडी कशी असते हे आपल्याला माहीतच नसतं, म्हणून आपण एकच जाडजूड जाकीट घेऊन येतो. आम्ही चार घेतली आणि तीन जवळजवळ न वापरता परत आणली. तिथे हवेपेक्षा वारा सोसत नाही. हिमनदीवरून थंड, जड हवा उतरणीला लागते आणि सरळ अंगावर येते. बंदरात दहा-पंधरा अंशांत मजेत फिरणारा माणूस कड्यासमोर दहा मिनिटांत कुडकुडतो.

म्हणून थर करा. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं पातळ जाकीट, टोपीसकट. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे मोजे, घसरणार नाहीत असे बूट. उन्हाचा चष्मा नक्की घ्या. बर्फावरून उजेड डोळ्यांत खुपतो. छत्री घरीच ठेवा, डेकवर ती उलटी होते. आणि पाऊस लागणारच आहे: केचिकन या बंदराचा वार्षिक पाऊस मुंबईपेक्षा कितीतरी जास्त आहे, फक्त तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, वर्षभर रिपरिपतो.

खरेदी डिसेंबर-जानेवारीत करा, तेव्हा मुंबईत रस्तोरस्ती स्वेटरवाले बसलेले असतात. एप्रिलमध्ये शोधायला जाल तर वणवण.

साडी नेसणाऱ्या बायकांसाठी: सासूबाईंनी जहाजाच्या आत रोज साडीच नेसली. डेकवर मात्र वाऱ्याने पदर आणि निऱ्या सांभाळता सांभाळता जिना चढणं धोक्याचं झालं असतं. हिमनदीच्या दिवशी त्यांनी थर्मल, वर सलवार-कुडता आणि जाकीट घातलं. हे आधी घरी बोलून, घालून बघा.

७. खाणं, औषधं, सामान

शाकाहारी आहात हे बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या मुख्य कर्मचाऱ्याला भेटून पुन्हा सांगा. आमच्या टेबलावर रोज एक भारतीय भाजी येत होती. हिमनदीच्या दिवशी काही जहाजांवर डेकवर गरम मटारचं सूप वाटतात. पारंपरिक डच पद्धतीच्या या सूपमध्ये डुकराचं मांस असतं, तेव्हा विचारल्याशिवाय पेला उचलू नका. घरचा चिवडा, भाजणीची चकली, लाडू बंद पाकिटांत न्या आणि उतरल्यावर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना खाद्यपदार्थ असल्याचं सांगा. लपवलं तर दंड होतो. फळं, बिया, मांस नको.

चहाची इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री जहाजावर चालत नाही. आगीच्या भीतीने चढतानाच काढून घेतात. गरम पाणी बुफेत मिळतं.

बोट लागण्याबद्दल: अलास्काचा बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी शांत असतं. पण सिएटलहून निघणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातात. आमची पहिली रात्र त्यातच गेली. आपल्याला बोट लागते का हे माहीत नसेल, तर एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला जाऊन या. औषध डॉक्टरांना विचारून घ्या आणि एक लक्षात ठेवा: ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते. हिमनदीच्या सकाळी ती घेऊ नका. खाडीत जहाज हलत नाही, गरजही नसते.

दुर्बीण प्रत्येकी एक हवी. चौघांत एक असली की जिच्या हातात ती असते तिलाच सील दिसतं. आठ किंवा दहा पट मोठं दाखवणारी पुरे. त्याहून मोठी हातात थरथरते. फोर्टात बोरा बाजाराकडच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत हातात धरून, लांबची पाटी वाचून बघूनच घ्या.

८. एक दिवस आधी पोचा

मुंबईहून सिएटल किंवा व्हँकुव्हरला थेट विमान नाही. एक विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. शिवाय उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, अलास्कात साडेतेरा तास. शरीराला निदान एक रात्र द्या. दोन देता आल्या तर फारच उत्तम. थर्मल आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, मोठी बॅग मागे राहू शकते.

जहाजावर पहिल्या दिवशी सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची असते. ती उरकली की डेक पायी फिरून घ्या. पुढचा उघडा डेक कुठे, तिथे जायचा जिना कुठला, मागचा डेक कुठे, जवळचं स्वच्छतागृह कुठलं. हिमनदीच्या दिवशी हे शोधत बसलात तर वेळ गेला. काही जहाजांवर नाळेकडचा, म्हणजे अगदी पुढच्या टोकाचा, एरवी बंद असलेला डेक फक्त त्या दिवशी उघडतात. स्वागतकक्षात विचारून ठेवा.

बंदरांविषयी इथे फारसं लिहीत नाही. जुनोमध्ये मेंडेनहॉल बघा, स्कॅगवेला रेल्वे आहे, केचिकनला टोटेम, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब. सहली जहाजामार्फत घेतल्या तर उशीर झाला तरी जहाज थांबतं, बाहेरून घेतल्या तर स्वस्त पडतात पण घड्याळ तुमचं तुम्ही सांभाळायचं.

९. हिमनदीचा दिवस

आदल्या रात्री सगळ्या बॅटऱ्या चार्ज करा आणि घड्याळ तपासा, कारण जहाज अलास्काच्या वेळेवर गेलेलं असतं.

पहाटे जहाज ग्लेशियर बेच्या तोंडाशी येतं. छोट्या बोटीतून रेंजर येतात आणि शिडीने वर चढतात. हे बघायला मिळालं तर जरूर बघा. इथून कड्यापर्यंत सुमारे १०० किलोमीटर, म्हणजे कित्येक तास. पहिल्या तासातच डेकवर उभं राहून दमू नका. पण दोन्ही काठांकडे लक्ष असू द्या. १७९४ साली, म्हणजे आपल्याकडे महादजी शिंदे वारले त्या साली, ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. सगळा बर्फच होता, तोंडापाशी जेमतेम आठ किलोमीटरचा खळगा. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्युर आले तोवर बर्फ ६० किलोमीटरहून जास्त मागे गेला होता. तुमचं जहाज जिथून सरळ आत जातं, तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाची भिंत होती. त्याच्याही आधी या जागी त्लिंगिट या इथल्या मूळ रहिवाशांचं गाव होतं. बर्फ पुढे येत गेला आणि त्यांना ते सोडावं लागलं.

काठावर हा काळ डोळ्यांनी दिसतो. तोंडाशी दाट, उंच जंगल, कारण ती जमीन आधी मोकळी झाली. पुढे झाडं खुजी होतात, मग झुडपं, मग नुसतं शेवाळ आणि शेवटी उघडा खडक. माझ्या मुलीने हे वहीत तासातासाने चितारलं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हेच काम द्या.

पाणी दुधाळ हिरवट झालं की कडा जवळ आला असं समजा. हिमनदी खडक दळत येते, तो पिठासारखा बारीक गाळ पाण्यात तरंगतो. आता सगळे थर चढवा आणि बाहेर पडा.

समोर येते ती मार्जरी हिमनदी. पाण्यावरची तिची उंची सुमारे २५० फूट, म्हणजे फोर्टातल्या राजाबाई टॉवरपेक्षा थोडीशीच कमी. रुंदी सुमारे दीड किलोमीटर; मरीन ड्राइव्हच्या निम्म्याला जरा कमी. पहिल्या नजरेत हे पटत नाही, कारण शेजारी झाड नाही, घर नाही, मापाला काहीच नाही. कड्यासमोर उडणारे पांढरे ठिपके दुर्बिणीतून बघा. ते पक्षी आहेत हे कळलं की मग उंची अंगावर येते. तिच्या उजवीकडे मातकट काळा उतार दिसेल. तो डोंगर समजून सोडू नका. ती ग्रँड पॅसिफिक हिमनदी आहे, दगडमातीने झाकलेली. ही संपूर्ण खाडी तिच्याच बर्फाने भरलेली होती.

आता आमची चूक. आम्ही कड्याकडे बघत गप्पा मारत होतो. तोफ उडावी तसा आवाज आला, चौघांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली, आणि दिसलं ते फक्त उसळलेलं पाणी. वीज आधी चमकते, गडगडाट मागून येतो, हे आपण लहानपणापासून जाणतो. इथेही तेच. जहाज कड्यापासून एक किलोमीटरवर असेल तर आवाज पोचायला तीन सेकंद लागतात. आवाज ऐकून बघाल तर बर्फ पडून गेलेला असतो. त्लिंगिट भाषेत या आवाजाला 'पांढरी मेघगर्जना' अशा अर्थाचं नाव आहे, आणि ते अगदी खरं आहे.

म्हणून कान नको, डोळे लावा. संपूर्ण कडा न्याहाळू नका. एक भाग निवडा: जिथे उभ्या भेगा पडल्या आहेत, पाण्याच्या रेषेत गुहेसारखी पोकळी झाली आहे, किंवा बारीक बर्फ वाळूसारखा झरतो आहे. मोठा भाग पडायच्या आधी बऱ्याचदा असा चुरा झरतो. चौघं असाल तर कडा चौघांत वाटून घ्या आणि दिसताच हाक मारायची. ही युक्ती आम्ही दुसऱ्या अर्ध्या तासात केली आणि त्यानंतर एकही पडणं चुकलं नाही.

मोबाईलवर चित्रण करायचं तर फोन आडवा धरून, एका भागावर रोखून, सलग चालू ठेवा. पडायला लागल्यावर बटण दाबलं तर उशीर होतो. फोटोत बर्फ करडा येत असेल तर प्रकाश एक घर वाढवा. काचेच्या वारारोधक भिंतीमागून फोटो काढू नका, आपलंच प्रतिबिंब येतं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादा बॅटरी किंवा पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. ड्रोन उडवायला राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे.

आभाळ भरून आलं म्हणून हिरमुसू नका. दाबाखालच्या दाट बर्फात तांबडा प्रकाश शोषला जातो आणि निळा बाहेर येतो; ही निळाई कडक उन्हापेक्षा ढगाळ उजेडात जास्त खुलते. धुकं मात्र वेगळं. दाट धुक्यात कप्तान पुढे नेणार नाही, त्याच्यापुढे कुणाचा इलाज नाही आणि भरपाईही मिळत नाही.

एक शेवटची गोष्ट. तासाभराने जहाज वळतं, ध्वनिक्षेपकावर जेवणाची घोषणा होते आणि डेक पाच मिनिटांत रिकामा होतो. तुम्ही जाऊ नका. जेवण दुपारभर मिळतं. मागच्या डेकवर जा, कडा तिथून आणखी अर्धा तास दिसत राहतो आणि कठड्याला हवी तेवढी जागा असते. आम्ही सासूबाईंना खुर्ची मिळवून दिली, पायांवर शाल टाकली. डाव्या टोकाचा एक आख्खा सुळका सावकाश पुढे झुकला आणि सरळ पाण्यात उतरला. त्या दिवशी पाहिलेला तो सगळ्यांत मोठा तुकडा. सासूबाईंनीच तो पहिल्यांदा पाहिला, हात वर केला, आणि आवाज येईपर्यंत आम्ही चौघांनी मिळून मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.